सेप्टरची वंशावळ : एका कागदाचे वाचन

वंशावळीकडे आपण माहितीचा कागद म्हणून पाहतो, लेखन म्हणून नाही. तिच्यावर टीका लिहायची तर आधी थोडा खुलासा करायला हवा. वतनाच्या तंट्यांतले करीने आणि महजर ज्यांनी वाचले आहेत त्यांना ठाऊक असते, की वंशावळ सहज म्हणून कोणी लिहीत नाही. ती कोणापुढे तरी, काही मिळवण्यासाठी किंवा हातचे राखण्यासाठी मांडलेली असते. पाटीलकीचा दावेदार मूळपुरुषापासून सुरुवात करतो तेव्हा त्याला इतिहास सांगायचा नसतो, हक्क सांगायचा असतो. म्हणून असा कागद वाचताना कोणाची नावे आली याबरोबर कोणाची आली नाहीत हेही पाहायचे, आणि लिहिणारा जिथे अडखळतो तिथे आपणही थांबायचे. हीच सवय घेऊन मी काही वर्षे शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळी वाचते आहे. घोड्यांवर पैसे लावण्याशी माझा संबंध नाही. मला रस आहे तो त्या कागदात. इतकी लांब, इतकी काटेकोर आणि इतकी महाग वंशावळ माणसांचीसुद्धा क्वचितच लिहिली गेली असेल.

या लेखापुरता मी एकच कागद घेते. सेप्टर या इंग्लिश घोडीचा. तिचा जन्म १८९९ चा. इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या घोड्यांसाठी पाच ‘क्लासिक’ शर्यती असतात. त्यांपैकी चार – टू थाउजंड गिनीज, वन थाउजंड गिनीज, ओक्स आणि सेंट लेजर – सेप्टरने १९०२ साली जिंकल्या. पाचवी, म्हणजे डर्बी, तीही ती धावली आणि चौथी आली. चार क्लासिक शर्यती निर्विवाद जिंकणारे दुसरे जनावर आजवर झालेले नाही. १८६८ साली फॉर्मोसा नावाच्या घोडीने चार जिंकल्या, पण त्यांतली एक बरोबरीत सुटली होती. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर वारल्यावर त्याची शिंगरे लिलावात निघाली. तेव्हा जेमतेम वर्षाच्या सेप्टरला रॉबर्ट सीव्हियर नावाच्या जुगारी माणसाने १०,००० गिनींना घेतले. त्या वयाच्या शिंगरासाठी एवढी किंमत तोवर कोणी दिली नव्हती. तिने पळून काहीच दाखवले नव्हते. म्हणजे ही किंमत घोडीपेक्षा कागदाची होती, आणि हेच मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

कागद कसा असतो? डावीकडे घोडीचे नाव. तिच्या उजवीकडे दोन नावे, वर बाप, खाली आई. त्या प्रत्येकाच्या उजवीकडे पुन्हा दोन. पाच पिढ्यांत बासष्ट नावे होतात. इंग्रजीत अशा कागदाला ‘पेडिग्री’ म्हणतात. हा शब्द मुळात फ्रेंचमधल्या ‘क्रौंचाचा पाय’ या अर्थाच्या शब्दांवरून आला, कारण जुन्या वंशावळीत फाटे दाखवणारी रेघ पक्ष्याच्या पंजासारखी दिसे. डोळा आपोआप वरच्या कडेने जातो, कारण तिथे सगळे नामांकित पुरुष उभे असतात. सेप्टरच्या बाबतीत बाप पर्सिमन हा १८९६ चा डर्बी विजेता, इंग्लंडच्या युवराजाच्या मालकीचा. आजोबा सेंट सायमन तर त्या काळातला सर्वांत यशस्वी जनक. या कडेबद्दल मला फार सांगायचे नाही. ती आजवर पुष्कळ वाचली गेली आहे.

खालची कड पाहा. तिथे फक्त आया असतात. सेप्टरची आई ऑर्नामेंट, तिची आई लिली ॲग्नेस, तिची पॉली ॲग्नेस, तिची मिस ॲग्नेस, तिची ॲग्नेस. चार पिढ्या एकच नाव आईकडून मुलीकडे आडनावासारखे चालत आले आहे. ज्या पुस्तकी जगात घराणे म्हणजे बापाचे घराणे, तिथे हे नावाचे सातत्य मला विलक्षण वाटते. ते टिकले ते बहुधा मोठ्यांचे लक्ष नव्हते म्हणूनच. पॉली ॲग्नेस इतकी लहानखुरी निपजली, की यॉर्कशरमधल्या स्लेडमियर इथल्या मालकाने ती आपल्याच स्टडवरचा मुख्य मोतद्दार जेम्स स्नॅरी याला देऊन टाकली. स्नॅरीने तिच्यापासून लिली ॲग्नेस काढली आणि नाव चालू ठेवले. लिली ॲग्नेसने मैदाने मारली, ड्यूकचे लक्ष गेले, ती त्याच्याकडे आली, आणि तिथे ॲग्नेस हे नाव संपले. ड्यूकने तिच्या एका शिंगराचे नाव ऑर्मंड ठेवले. तो १८८६ साली तिन्ही मोठ्या शर्यती जिंकून आणि जन्मात एकदाही न हरता निवृत्त झाला. पुढच्या वर्षी झालेल्या त्याच्या सख्ख्या बहिणीचे नाव ठेवले ऑर्नामेंट, म्हणजे दागिना. मोतद्दाराच्या घरी मुलीला आईचे नाव मिळत होते, सरदाराच्या घरी ती दागिना झाली. (नात्याच्या भाषेत सांगायचे तर ऑर्मंड हा सेप्टरचा सख्खा मामा. इंग्रजी लेखकांना हे सांगायला अर्धे वाक्य खर्चावे लागते.)

आता या खालच्या कडेने आणखी मागे जाऊ. इंग्लंडमधल्या थरोब्रेड घोड्यांच्या नोंदींचे पुस्तक, ‘जनरल स्टड बुक’, जेम्स वेदरबी यांनी काढले. त्याची प्रास्ताविक आवृत्ती १७९१ ची, आणि पहिल्या खंडाला कायमचे रूप आले ते १८०८ मध्ये. या ग्रंथाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. तो घोड्यांच्या नव्हे, घोडींच्या नावांनी लावलेला आहे. प्रत्येक घोडीच्या नावाखाली कोणत्या साली कोणापासून काय झाले याची यादी. व्यवहाराच्या दृष्टीने हे साहजिकच आहे. शिंगरू कोणाच्या पोटून आले हे गोठ्यातल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. बापाबद्दल मात्र सांगणाऱ्याच्या शब्दावर राहावे लागते. अरबस्तानातल्या बदाऊंनी हे तर्कशुद्धपणे शेवटपर्यंत नेले होते. त्यांच्याकडे कुहैलान, सकलावी, हमदानी अशी घोड्यांची कुळे आईकडूनच मोजतात. इंग्रजांनी अरबस्तानातून घोडे नेले, हा हिशेब नेला नाही. पुस्तक आईच्या नावाने लावले आणि वाचले मात्र बापाच्या नावाने.

आणि त्या आयांना नावे तरी कुठे होती? मुळाशी पोहोचलो की घोडी अशा भेटतात: ‘बर्टनची बार्ब घोडी’, ‘लेटनची बार्ब घोडी’, ‘दोन ट्रू ब्लूंची आई’. सेप्टरच्या खालच्या कडेचे शेवटचे टोक आहे ‘स्ट्रिप्लिंगची बहीण’, हटनच्या स्पॉट या घोड्याची मुलगी. कोणी मालकाच्या नावाने ओळखली जाते, कोणी मुलांच्या, कोणी भावाच्या. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलवृत्तान्त छापण्याची लाट आली होती. ते चाळणाऱ्याला ही वाक्यरचना परकी वाटणार नाही. तिथेही बाई अमक्याची कन्या किंवा तमक्याची पत्नी म्हणून येते, आणि माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, यांत तिचा माग हरवतो. फरक एवढाच की स्टड बुकातल्या घोडीला निदान स्वतःची जागा आहे, रिकामी का होईना.

ती रिकामी जागा भरण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन माणसाचा. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८९५ मध्ये, विल्यम ॲलिसन यांनी संपादून प्रसिद्ध केले. लोने स्टड बुकातल्या सगळ्या घोडी मागे नेत नेत ४३ मूळ आयांपर्यंत पोहोचवल्या आणि त्या घराण्यांना क्रमांक दिले. डर्बी, ओक्स आणि सेंट लेजरचे सर्वाधिक विजेते ज्या घराण्यात, ते पहिले; मग दुसरे, तिसरे. पहिली पाच ‘धावणारी’ घराणी, आणि तिसरे, आठवे, अकरावे, बारावे व चौदावे ही ‘जनकांची’ घराणी, अशी त्याची मांडणी. मातृवंशाकडे इतक्या गंभीरपणे पाहणारा तो पहिलाच मोठा अभ्यासक, आणि त्याचे श्रम थोर आहेत. पण तर्क कच्चा आहे. ज्या घराण्यात घोडी जास्त, त्यात विजेतेही जास्त येणारच. त्याने संख्या मोजली आणि तिला गुण म्हटले. एखाद्या गावात देशमुखांची शंभर घरे आहेत आणि मामलेदार झालेल्यांत देशमुख जास्त आहेत, यावरून रक्ताचा सिद्धान्त काढण्यासारखे हे झाले. सेप्टरचे घराणे त्याच्या यादीत सोळावे. धावणाऱ्यांतही नाही आणि जनकांतही नाही. त्याच घराण्यातला ऑर्मंड पुस्तक निघण्यापूर्वी नऊ वर्षे तिन्ही मुकुट घेऊन गेला होता, आणि पुस्तकानंतर सात वर्षांनी सेप्टरने चार शर्यती मारल्या. तरीही लोचे क्रमांक टिकले. आजही थरोब्रेडच्या कागदावर घराण्याचा आकडा असतो. सिद्धान्त जातो, खाते क्रमांक राहतो.

इथवर मी कागदावर विश्वास ठेवून वाचले. आता तो जिथे अडखळतो तिथे येऊ.

सेप्टरच्या आईचा बाप बेंड ऑर. या नावाला एक जुनी गोष्ट आहे. निळ्या ढालीवर सोन्याचा तिरका पट्टा, असे एक कुलचिन्ह होते; पट्ट्यासाठी चिन्हशास्त्रातला शब्द ‘बेंड ऑर’. चौदाव्या शतकात स्क्रोप आणि ग्रॉव्हनर या दोन घराण्यांत त्यावरून दावा लागला. १३८५ पासून पाच वर्षे तो चालला, शेकडो साक्षी झाल्या, त्यांत कवी चॉसरचीही झाली, आणि ग्रॉव्हनर हरले. वेस्टमिन्स्टरचा ड्यूक ग्रॉव्हनरच होता. पाचशे वर्षांपूर्वी कोर्टात गमावलेले चिन्ह त्याने १८७७ साली जन्मलेल्या शिंगराच्या नावात परत मिळवले. हक्काचा दावा इतका चिवट असतो, हे वतनाचे कागद वाचणाऱ्यांना सांगायला नको.

या घोड्याने १८८० ची डर्बी रॉबर्ट द डेव्हिल या घोड्यावर एका डोक्याच्या अंतराने जिंकली. हरलेल्या घोड्याच्या मालकांनी तक्रार केली: जिंकला तो बेंड ऑर नव्हेच, तो टॅडकास्टर. ड्यूकच्या स्टडमध्ये त्याच वर्षी झालेली, एकाच बापाची, दोन्ही तांबूस रंगाची ही दोन शिंगरे प्रशिक्षकाकडे पाठवताना बदलली गेली, असे स्टडवरच्या एका माजी मोतद्दाराचे म्हणणे होते. चौकशी झाली. एका बाजूला नोकरी गेलेला मोतद्दार, दुसऱ्या बाजूला ड्यूक आणि त्याच्या स्टडच्या वह्या. तक्रार फेटाळली गेली. शिंगराला रोज दाणापाणी करणाऱ्याची साक्ष आणि वहीची साक्ष यांत वही जिंकली.

तो मोतद्दार खरे बोलत होता असे आज मानायला जागा आहे. बेंड ऑरचा सांगाडा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जतन केलेला आहे. संशोधकांनी त्याच्या हाडातला मायटोकाँड्रियल डीएनए तपासला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा डीएनए फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात अंश नसतो. म्हणजे ज्या खालच्या कडेबद्दल मी बोलते आहे, तीच कड पेशीत लिहिलेली असते. कागदाप्रमाणे बेंड ऑरची आई रूज रोझ, लोच्या पहिल्या घराण्यातली. हाडातला पुरावा त्या घराण्याशी जुळला नाही. तो जुळला दुसऱ्या घराण्याशी, ज्यात टॅडकास्टरची आई क्लेमन्स होती. टीकाकाराने इथे दोन गोष्टी बजावून सांगायला हव्यात. एक, ‘रूज रोझचा नव्हे’ हे जितके ठाम आहे तितके ‘क्लेमन्सचाच’ हे नाही. त्या घराण्यात इतरही घोडी होत्या. दोन, सांगाडा बेंड ऑरचा आहे हे आपण म्युझियमच्या चिठ्ठीवरून म्हणतो, आणि चिठ्ठी हाही कागदच. पण मोतद्दाराची साक्ष आणि हाड एकाच घोडीकडे बोट दाखवतात, आणि ती दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. माझ्या मते तेवढे पुरेसे आहे.

मग सेप्टरच्या कागदाचे काय होते? तिची खालची कड शाबूत राहते, ॲग्नेस हलत नाहीत. बाप डॉनकास्टर दोन्ही शिंगरांचा एकच, म्हणून तीही बाजू तशीच. मधली एक फांदी मात्र बदलते, आणि बदललेले पान जुन्यापेक्षा चमत्कारिक आहे. रूज रोझचा बाप थॉर्मनबी हा १८६० चा डर्बी विजेता, आणि स्टड बुकात त्याच्या बापाच्या जागी लिहिले आहे: ‘मेलबर्न किंवा विंडहाउंड’. घोडी त्या मोसमात दोघांकडे गेली होती. एरवी इतक्या ठाम असलेल्या पुस्तकाने इथे प्रामाणिकपणे ‘किंवा’ लिहिले आहे. पुढच्या अभ्यासकांनी विंडहाउंडच्या बाजूने कौल दिला आणि त्यावर पुष्कळ शाई खर्च झाली. पण रूज रोझच पानावरून गेली तर हा ‘किंवा’ही तिच्याबरोबर जातो. पुस्तकाने जिथे शंका मान्य केली ती फांदी या पानावरची नव्हतीच, आणि जिथे चूक होती तिथे शंकेची खूणही नव्हती.

क्लेमन्स न्यूमिन्स्टर या घोड्याची मुलगी. तिला रूज रोझच्या जागी बसवली की न्यूमिन्स्टर सेप्टरच्या आईच्या बाजूने चौथ्या पिढीत येतो, आणि बापाच्या बाजूने, हॅम्पटन आणि लॉर्ड क्लिफडन यांच्यामार्फत, तो पाचव्या पिढीत आधीपासून आहेच. म्हणजे सेप्टर ही न्यूमिन्स्टरचे रक्त दोन बाजूंनी घेतलेली घोडी होती, आणि तिच्या मालकांना, खरेदीदारांना, तिच्यावर लेख लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हते. पुढे सेप्टरला सिलीन या घोड्यापासून मेड ऑफ द मिस्ट ही मुलगी झाली. सिलीन हा बेंड ऑरचा नातू, त्याच्या मुलाचा मुलगा. कागदावर हा बेंड ऑरच्या रक्ताचा दुहेरी संगम, दोन्ही बाजूंनी तिसऱ्या पिढीत. प्रयोग यशस्वीही झाला: मेड ऑफ द मिस्टची मुलगी सनी जेन हिने १९१७ ची ओक्स जिंकली आणि मुलगा क्रेग ॲन एरन याने १९२१ ची टू थाउजंड गिनीज. दुप्पट झाले ते रूज रोझ आणि थॉर्मनबी यांचे रक्त, असे कागदावर वाचायला मिळत होते. प्रत्यक्षात त्या दोघांचा संबंध नव्हता. यश खरे, स्पष्टीकरण दुसऱ्याच घोडीचे.

मुळापर्यंत गेले तर चित्र आणखी विस्कटते. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये आजच्या थरोब्रेड घोड्यांचा मातृवंश तपासला तेव्हा लोच्या एकाच घराण्यातल्या घोड्यांत वेगवेगळे मायटोकाँड्रियल प्रकार निघाले, आणि वेगवेगळ्या घराण्यांत एकच प्रकार. म्हणजे अगदी सुरुवातीच्या नोंदींत आया बदलल्या गेल्या होत्या. २०११ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले, की त्या मूळ आयांत ब्रिटन आणि आयर्लंडच्या देशी घोडींचा वाटा लक्षणीय आहे. अरबस्तान आणि बार्बरीचे नाव सांगणाऱ्या खानदानाच्या तळाशी गावच्या घोडी बऱ्याच होत्या.

हे सगळे केवळ गमतीचे राहिले असते, जर हा कागद कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरवत नसता. १९१३ मध्ये स्टड बुकाच्या चालकांनी नियम केला, की ज्याचा प्रत्येक पूर्वज पुस्तकात आधी आलेल्या घोड्यांपर्यंत पोहोचत नाही, त्याची नोंद होणार नाही. लोक याला ‘जर्सी ॲक्ट’ म्हणत. अमेरिकेतल्या अनेक घोड्यांच्या वंशावळीत जुन्या घोडींचे कागद सापडत नव्हते. तिकडे जुगारबंदीचे कायदे झाल्यावर ते घोडे स्वस्तात इंग्लंडला येऊ लागले होते. नियम त्यांच्यासाठी होता. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, डर्बी जिंकली दरबार या घोड्याने. त्याच्या आईकडे अमेरिकन रक्त होते, म्हणून पुस्तकाच्या लेखी तो अर्धजातीचा.

आता बडोद्याकडे येते, कारण हा तंटा एका मराठी घराण्याच्या तबेल्यात येऊन पोहोचतो. महाराजा प्रतापसिंह गायकवाड यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये मोठा तबेला उभा केला. २८,००० गिनींना, तेव्हाच्या विक्रमी किमतीला, त्यांनी एक शिंगरू घेतले आणि आजे-पणज्यांच्या पिढीतल्या थोर पुरुषाचे नाव त्याला दिले: सयाजीराव. त्याने १९४७ ची सेंट लेजर जिंकली. दुसरा घोडा फ्रान्समध्ये जन्मलेला. त्याचे लेराँ हे नाव बदलून महाराजांनी माय बाबू ठेवले. त्याने १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकली.

या दोघांचे कागद शेजारी ठेवा. सयाजीरावाचा बाप निअर्को. तिथून फॅरोस, फॅलेरिस, पॉलिमेलस, सिलीन, बोना व्हिस्टा, आणि त्याचा बाप बेंड ऑर. वरची कड थेट त्या घोड्यापाशी जाते ज्याची आई पुस्तकात चुकीची लिहिली आहे. हा घोडा शुद्ध. माय बाबूचा बाप जेबेल, त्याचा तूरबियाँ, आणि तूरबियाँची आई ड्युर्बन ही दरबारची मुलगी. त्यामुळे हा घोडा अशुद्ध. इंग्लंडची क्लासिक शर्यत जिंकलेल्या माय बाबूला इंग्लंडच्या पुस्तकात जागा नव्हती, कारण त्याच्या काही आज्यांचे कागद हरवले होते आणि त्याच्या लोकांनी ते हरवले असल्याचे मान्य केले होते. दुसऱ्या बाजूला कागद पुरे होते. त्याच वर्षी सेंट लेजरही अशाच एका ‘बाहेरच्या’ घोड्याने, ब्लॅक टार्क्विनने, जिंकल्यावर नियम चालवणे कठीण झाले, आणि १९४९ मध्ये तो मागे घेतला गेला. कारण न्यायाचे नव्हते, बाजाराचे होते. बाहेर ठेवलेले घोडेच जिंकत राहिले तर आतल्या कागदाला किंमत कोण देणार?

आज शिंगराची नोंद डीएनए तपासल्याशिवाय होत नाही. ती तपासणी पुढच्यांसाठी आहे, मागच्यांसाठी नाही. सेप्टर १९२६ मध्ये वारली; तिची वंशावळ आज कुठेही उघडली तरी आईच्या बापाखाली रूज रोझ हेच नाव बहुधा दिसेल, आणि तिच्या बापाच्या बापाशी तो ‘किंवा’. माय बाबू पुढे अमेरिकेत गेला. तिथे त्याच्यापासून झालेल्या एका घोडीचे नाव केरला. १९६७ साली अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा ठरलेला डमॅस्कस हा तिचा मुलगा. रेसच्या पुस्तकात तो बापाच्या, सोर्ड डान्सरच्या, नावाने आधी येतो. तिचे नाव त्याच ओळीत, आडव्या रेघेनंतर.